पिळाचं धुरांडं

सोमवार, ७ सप्टेंबर १८६८

आज पुन्हा एक घोडागाडी आली. दोन बायका आणि एक बुवा उतरले, रस्त्यातच घडीच्या खुर्च्या मांडून बसले आणि माझ्या घराचं चित्र काढायला लागले. मी आत कांदा चिरत होते. त्यातली एक म्हणाली, "आत एखादी परी राहत असेल, नाही?" दुधाच्या खोलीतलं दूध नासलेलं होतंच. मी दार उघडलं आणि सगळी बादली पायरीवरून ओतली. परी कशी असते ते त्यांनी नीट पाहिलं.

दूध रोज नासतं. ज्या लंडनच्या माणसाने हे घर कागदावर काढलं, तो जन्मात स्वयंपाकघरात शिरला नसावा. दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी, आणि बाहेरून एकाने दुसऱ्याच्या आरशात पाहावं तशी सारखी हवीत. म्हणून शेजारच्या ईनक टॅलिसची दुधाची खोली उत्तरेला, गारेगार, आणि माझी दक्षिणेला, उन्हात. जिना इतका चिंचोळा की पिठाचं पोतं वर न्यायचं तर त्याच्याशी भांडावं लागतं. वरच्या खिडक्या पार छताला टेकवलेल्या, म्हणजे हवेलीची गाडी जाताना आमच्यासारख्यांनी वरून डोकावू नये. सगळ्या गावाची दारं एकाच हिरव्या रंगाची. धुणं पुढच्या बाजूला वाळत घालायचं नाही. छपराच्या कडेला मात्र लाकडाची झालर, जणू घर नव्हे, बाळाचं टोपडं.

आणि ती धुरांडी. मधल्या भिंतीवर दोन उभी आहेत. ईनकच्या बाजूला पिळाचं, माझ्या बाजूला शंकरपाळी नक्षीचं. त्यांच्यासाठी लोक दुसऱ्या परगण्यातून येतात म्हणे. या घरात आल्यापासून मी एकदाही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलेलं नाही. माझं घर पाडून जे उभारलं, त्याचं कौतुक निदान माझ्या मानेने करू नये.

पंपावर डॉर्कस पिम भेटली. आमच्या विदरली गावात पान हललं तरी ते हिला आधी कळतं. म्हणाली, "एकविसाला हवेलीच्या बाईसाहेब पाहुणे घेऊन येणार आहेत. त्या पाहुण्यांनाही आपापल्या जमिनीवर अशी गावं वसवायची आहेत. एक घर आतून दाखवायचं ठरलंय."

"कुणाचं?"

"तुमच्या जोडघरातलं, थर्झा. आणखी कुणाचं?"

म्हणजे ईनकचं. मुकादमाचं. अर्थातच.

बुधवार, ९ सप्टेंबर

सकाळी पायरीवर कांद्यांची वेणी ठेवलेली. ईनकच. माझ्या वाफ्यातल्या कांद्यांना कीड लागली हे त्याला कुंपणावरून दिसलेलं, ते असं सांगायचं. मग संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात.

"थर्झाबाई, पुढची खोली जरा उघडी टाकत जा. हवा लागू दे. आणि चुलीचं लोखंड एकदा काळं पॉलिश करून घ्या, चकचकीत."

"का हो? माझं घर तुमच्या डोळ्यांत खुपतं का?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तो नुसता टोपी फिरवत राहिला. स्वतःच्या घरी बडे लोक येणार म्हणून आता शेजारणीलाही घासून पुसून ठेवायचं आहे याला. जखमेवर मीठ चोळायला हा माणूस घरून पुडी बांधूनच निघतो.

शनिवार, १२ सप्टेंबर

कारभारी क्रॅडकसाहेब आले होते. बसले नाहीत. सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, "मिसेस गॅड्सबी, ही घरं कामाच्या माणसांसाठी आहेत. तुमचा नवरा इस्टेटीचा सुतार होता तोवर ठीक होतं. मायकेलमसला, एकोणतीस तारखेला, नवे भाडेकरू ठरतील. पाहू."

पाहू म्हणजे जा. मला बहीण नाही, मूल नाही. इथून निघाले तर निराधारांच्या वर्कहाऊसमध्येच जायचं, आणि तिथे नवरा मेलेल्या बायका दोर उलगडत बसतात.

हे कारभाऱ्याच्या डोक्यात कुणी घातलं ते मला विचारायला नको. परवा ईनक त्यांच्या कचेरीतून बाहेर पडताना डॉर्कसने पाहिला होता, चेहरा लालबुंद. काहीतरी भांडून मिळवलं असणार त्याने.

या माणसाने माझं काय काय घेतलं ते इथे एकदा लिहूनच ठेवते. नदीकाठी आमचं घर होतं, दगडी कौलांचं, मागे पेअरचं झाड. हवेलीच्या दिवाणखान्यातून आमची धुणी दिसतात म्हणून सगळं जुनं गावच उठवलं. पण वसंतापर्यंत राहा, असं खुद्द कारभाऱ्यांनी सांगितलं होतं. ईनक डिसेंबरातच माणसं घेऊन आला आणि पहिलं घर पाडलं ते माझं. नाताळाला आम्ही इथे, ओल्या गिलाव्यात. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा रूबेन गेला. लोक म्हणतात तो आधीपासून खोकत होता. खोकत होता ना, पण तो खोकला आमच्या घरचा होता. तिथे हिवाळ्यात नदीचं पाणी चुलीपर्यंत यायचं, आम्ही पाय वर घेऊन बसायचो आणि हसायचो. निदान मी हसायचे.

रूबेनची शवपेटी या जिन्यावरून उतरेना. ईनकने वरची खिडकी चौकटीसकट उखडली आणि दोर लावून पेटी खाली सोडली. माझ्या घराचं हेच तेवढं मोडायचं राहिलं होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, याची भरपाई मी करून घेईन. देवाकडे सोपवलेलं काम देव फार सावकाश करतो.

सोमवार, १४ सप्टेंबर

शाकारणीला माणसं आली. आमच्या छपराची सुटलेली कौलं पाहुण्यांआधी बसवायची आहेत. भिंतीला लांब शिडी, आणि छपरावर आकड्यांची दुसरी शिडी, थेट धुरांड्यापर्यंत. काम आठवडाभर चालेल म्हणाले.

मी शिडीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

गुरुवार, १७ सप्टेंबर

परसात राखेच्या ढिगामागे आमच्या जुन्या घराचं एक कौल आहे. पाडलं त्या दिवशी मी ते शालीखाली घालून आणलं. हातभर रुंद, चांगलं जड. त्यावर रूबेनने लग्नाच्या वर्षी छिन्नीने आमच्या नावांची अक्षरं, आर आणि टी, कोरली होती. आज ते धुतलं. एका धुरांड्याचं तोंड झाकायला पुरेल.

ईनकच्या धुरांड्याचं. बाईसाहेब रेशमी झगा सावरत आत शिरतील, पाहुणे मागोमाग, आणि मुकादमाच्या आदर्श घरात त्यांना धूर असा मिठी मारेल की खोकत खोकत बाहेर पडतील. नक्षी बघा म्हणावं. ज्याच्या हाताखाली हे गाव बांधलं, त्याच्या घरची चूल पेटत नाही. मग मुकादमकी राहते का ते पाहू. तो उघड्यावर पडायला हवा, मी पडले तशी. माझं कौल त्याच्या डोक्यावर. याहून न्यायाचं काही सुचत नाही.

मनात एक शंका येते ती लिहून टाकते. पकडले गेले तर मायकेलमसपर्यंतही थांबणार नाहीत. पण मला तसेही काढणारच आहेत. मग त्यालाही घेऊनच जाते.

रूबेनची आज फार आठवण आली. इथल्या पहिल्या हिवाळ्यात चुलीशी बसून म्हणायचा, "या घराचं सगळंच उलटं, थर्झा. दूध उन्हात आणि माणसं सावलीत. धूरसुद्धा सरळ वर जात नाही, आधी शेजारी जाऊन येतो." आणि खोकेपर्यंत हसायचा. मी म्हणायचे, हसतोस काय, तुझं घर पाडलं ना त्याने. तेव्हा गप्प व्हायचा. त्याला कुणावर रागावताच यायचं नाही. म्हणून दोघांचा राग मलाच करावा लागला.

शनिवार, १९ सप्टेंबर

डॉर्कस म्हणाली, "अगं, आता तरी सोड ते. सुंभ जळला तरी तुझा पीळ काही जात नाही. ईनक वाईट माणूस नाही."

मी म्हटलं, "तुझं घर कुठे पाडलंय त्याने?"

"माझंही पाडलंच की. त्या बिळातून सुटले बाई, चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती त्याच्या नावाने."

काही लोकांना स्वाभिमान जन्मतःच कमी दिलेला असतो.

रविवार, २० सप्टेंबर

केलं.

चर्चला न जाणं म्हणजे इथे गुन्हाच, म्हणून कालपासूनच पोट धरून फिरत होते. सकाळी ईनकने दार वाजवलं. "बरं नाही का? रस्सा ठेवून जाऊ?" मी आतूनच म्हटलं, "मला काही नको." घंटा थांबली, रस्ता ओस पडला. मी झग्याचा घेर कमरेला खोचला, रूबेनचे बूट चढवले, कौल पाठीला बांधलं आणि चढले.

अठ्ठावन्न वर्षांची बाई चढू शकते. फक्त खाली पाहायचं नाही आणि पाय घसरला की शेजाऱ्याचं नाव घ्यायचं, हाताला लगेच जोर येतो. वर दोन्ही धुरांडी पहिल्यांदाच जवळून पाहिली. पीळ खरोखर सुबक आहे, सोनाराने घडवावा तसा. विटेला असं वळवणारा गवंडी कोण असेल, असं क्षणभर मनात आलं, मग आवरलं.

माझ्या बाजूच्या नक्षीच्या धुरांड्याला हात लावला, गार. ईनकच्या पिळाला लावला, तो कोमट. आतून धुराची बारीक रेघही निघत होती. म्हणजे स्वारी चर्चला जाताना चूल पेटती ठेवून गेली आहे. माझ्यासारखी राखेखाली निखारा दडपून काटकसर करायची याला काय गरज? मी कौल सोडलं आणि पिळावर ठेवलं, अक्षरं खाली, त्याच्या घराकडे. नीट बसलं, जणू त्यासाठीच मापून काढलं होतं.

संध्याकाळ. लिहिता लिहिता हसू येतं. त्याच्या घरात इतका धूर कोंडलाय की मधल्या भिंतीतून माझ्या स्वयंपाकघरातही झिरपतोय. डोळे चुरचुरताहेत, भांड्यांवर काजळी धरली आहे. माझ्याकडे इतका, तर त्याच्याकडे काय होत असेल? मी चूल विझवून टाकली, मागची खिडकी उघडली आणि गार पाव-चीज खाल्लं. दीड वर्षात अन्न इतकं गोड लागलं नव्हतं.

एकच गोष्ट समजत नाही. तो परसात बसून बूट घासत होता आणि शीळ घालत होता.

सोमवार, २१ सप्टेंबर

झालं तसं लिहिते.

सकाळी क्रॅडकसाहेब माझ्या दारात. "चूल पेटवा, मिसेस गॅड्सबी. बाईसाहेबांना धुरांड्यातून धूर दिसायला हवा, नाहीतर घर मेल्यासारखं दिसतं म्हणतात. घटकाभरात येतील."

"माझी चूल कशाला? घर टॅलिसचं दाखवायचंय ना?"

"तुमचं दाखवायचंय. टॅलिस महिनाभर माझ्या मानगुटीवर बसला होता. म्हणाला, विधवेचं घर दाखवा, बाईसाहेबांनी एकदा पाहिलं की त्या तुम्हाला काढू देणार नाहीत. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

कारभारी तिथेच उभे राहिले, म्हणून चूल पेटवली. वाळलेलं सरपण घातलं, ते भरकन पेटलं. मग सगळा धूर मागे फिरला. चुलीच्या तोंडातून, झडपेतून, वरच्या फटीतून, नुसता लोळ. मी झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गाडी दारात थांबल्याचा आवाज आला तेव्हा मला माझाच हात दिसत नव्हता.

बाईसाहेब उंबरठ्याच्या आत दोन पावलं आल्या आणि खोकत मागे वळल्या. एका पाहुण्याने रुमाल नाकाला लावून म्हटलं, "चित्रात फार सुरेख होतं." कारभाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साधी चूल सांभाळता येत नाही तुम्हाला? या आठवड्यातच..."

तेव्हा ईनक पुढे आला. तो अंगणातून वर पाहत होता. स्वच्छ सदरा, काजळीचा ठिपका नाही.

"चूक माझी आहे, बाईसाहेब. शनिवारी वर काम पाहायला गेलो होतो. पाऊस आत जाऊ नये म्हणून धुरांड्यावर कौल ठेवलं आणि काढायचं विसरलो. या बाईंचा काही दोष नाही."

"मुकादम असून?" बाईसाहेब म्हणाल्या.

"मुकादम असून."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तोंड उघडलं, पण त्यातून खोकलाच आला.

मंगळवार, २२ सप्टेंबर

ईनकने कौल आणून दिलं. पुसून, कापडात गुंडाळून.

"तुमचं आहे. सांभाळून ठेवा," म्हणाला. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

मी म्हटलं, "मी तुमच्यावर ठेवलं होतं ते."

"कळलं मला."

"मग माझ्या घरात धूर कसा?"

तो पायरीवर बसला. म्हणाला, "नाताळाला बाईसाहेबांकडे पाहुणे यायचे होते, आणि गाडीरस्त्यावरून दिसतं ते पिळाचं धुरांडं. त्यातून धूर निघायला हवा, असा हुकूम झाला. पण पिळाखालचं घर, आता माझं आहे ते, तेव्हा अर्धवट होतं, चूलच नव्हती. तुमचं तेवढं पुरं होणार होतं. मग छपरात तुमची नळी आडवी नेऊन पिळाला जोडली, आणि माझी पुढे नक्षीला. माळ्यावर दोन्ही नळ्या एकमेकींना ओलांडून जातात. फार कटकटीचं काम होतं. वासे सगळे त्यांच्याभोवती कापून बसवावे लागले. रूबेनलाच जमलं ते. आख्खा ऑक्टोबर गेला त्याचा."

"ऑक्टोबरात रूबेन हवेलीच्या तबेल्यात कामाला होता," मी म्हटलं.

ईनक टोपी फिरवू लागला.

"रोज डबा नेत होता तबेल्यात. मी बांधून द्यायचे."

तो पायरीवरची माती बोटाने कोरत राहिला.

"हे घर आम्हाला मिळणार, हे त्याला ऑक्टोबरात माहीत होतं?"

"थर्झाबाई, जाऊ द्या."

"माझं घर डिसेंबरात का पाडलंत? माझ्याकडे बघून सांगा."

त्याने पाहिलं नाही. नदीच्या दिशेला तोंड करून म्हणाला, "त्याला तो हिवाळा त्या पाण्यात काढायचा नव्हता. तुम्ही वसंताआधी हलणार नाही, आणि वसंत आपल्याला दिसणार नाही, असं त्याला वाटत होतं. माझ्याकडे आला. म्हणाला, तू पाड, म्हणजे तिचा राग तुझ्यावर निघेल, माझ्यावर निघाला तर मला सहन होणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. मला वाटलं, चार दिवस रागावाल."

मी दार लावून घेतलं. कौल आत घेतलं होतं की बाहेरच राहिलं, तेसुद्धा नंतर पाहावं लागलं.

बुधवार, २३ सप्टेंबर

रूबेन, तू चुलीशी बसून हसायचास आणि मी त्याला शिव्या द्यायचे. तू ऐकत बसायचास. एकदा तरी सांगायचं होतंस. मी भांडले असते, ताटं फोडली असती, पण आले असते रे. तुझ्यासाठी आले असते.

की नसते आले? हा प्रश्न तू मला विचारलाच नाहीस, हाच माझा राग आहे. आता तो कुठे नेऊन ठेवू? तुझ्यावर तर सूडही उगवता येत नाही.

गुरुवार, २४ सप्टेंबर

ईनकची मुकादमकी काढली. मुकादमाचं घरही गेलं. डॉर्कसने सांगितलं. मी झगा बदलला आणि तडक कचेरीत गेले.

"कौल मी ठेवलं," मी क्रॅडकसाहेबांना म्हटलं.

"तुम्ही?"

"रविवारी, चर्चच्या वेळी. शिडीवरून चढून. टॅलिसच्या घरात धूर व्हावा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसले. "त्या छपरावर? या वयात, या झग्यात? आणि तेही स्वतःच्याच धुरांड्यावर?" मग हसणं गेलं. "टॅलिसने पाठवलं ना तुम्हाला? विधवेला पुढे करतोय, लाज वाटायला हवी त्याला. तुम्ही भोळ्या आहात. घरी जा. बाईसाहेबांना तुमची दया आली आहे, तुम्ही जन्मभर राहा त्या घरात, असं त्यांनी सांगितलंय."

मी पुन्हा सांगितलं. रूबेनचे बूट दाखवते म्हटलं, त्यांच्यावर छपराचं शेवाळ आहे. त्यांनी कारकुनाला मला दारापर्यंत पोचवायला सांगितलं.

तर असं झालं. ईनक उघड्यावर पडला, मुकादमकी गेली, सगळ्या गावादेखत मान खाली गेली. घर मला मिळालं. जे जे मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं. एवढ्या तत्परतेने माझं कुणी कधी काही ऐकलं नव्हतं.

मंगळवार, २९ सप्टेंबर, मायकेलमस

आज ईनक गेला. ढकलगाडीवर एक पेटी, एक खुर्ची, अवजारं. पलीकडच्या परगण्यात बहिणीकडे राहणार आहे. काल मी मनुकांचा केक भाजला होता. त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "खालून करपलाय. टाकून द्यायचा तर तुम्हालाच देते."

त्याने वास घेतला. "करपलेला नाही."

"मी म्हणते ना, करपलाय."

"बरं," म्हणाला, आणि केक खुर्चीवर ठेवून दोराने बांधला, रूबेनची पेटी खाली सोडताना बांधली होती तसाच, जपून. मग म्हणाला, "रूबेनवर फार रागावू नका."

"ते तुम्ही मला शिकवू नका. तुम्ही त्याचे सोबती, मी बायको. मला हवं तितकं रागावेन." मग मी म्हटलं, "दर महिन्याला येऊन जा. कांदे कसे लावायचे ते मला अजून नीट येत नाही." एवढंच जमलं. माफी मागायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून कांदेच निघतात. त्याला कळलं असावं, कारण तो टोपी न फिरवता नीट घालून गेला.

गाडी वळणाआड गेली तशी मी रस्त्याच्या मधोमध आले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. ईनकचं घर बंद, चूल थंड. तरी त्याच्या डोक्यावरच्या पिळाच्या धुरांड्यातून धूर निघत होता, निळसर, सरळ. माझा धूर. माझ्या बाजूच्या नक्षीवर एक कावळा निवांत बसला होता. कधीही वर पाहिलं असतं तरी दिसलं असतं.

रस्त्यात एक बाई खुर्ची मांडून चित्र काढत होती. म्हणाली, "जरा बाजूला व्हाल का? तुम्ही घराच्या मध्ये येताय."

मी हलले नाही.